गाडीचं तोंड रस्त्याकडं

मराठवाड्यात एखाद्या बाईची लेकरं लागोपाठ दगावली, की पुढच्या लेकराला सटवाईचं नाव देतात. देवीच्या नावाचं लेकरू देवी कशाला नेईल, असा आपला भाबडा समज. किल्लारीच्या सटवाजीच्या आधीची दोन भावंडं अशीच गेली होती. हा मात्र जगला आणि बघता बघता साठीला टेकला. त्याला स्वतःला एकच पोरगी झाली, तिला मात्र त्यानं देवीचं नाव दिलं नाही. नव्या जमान्याचं म्हणून पुनम ठेवलं. ती पंधराव्या वर्षी गेली. कशानं गेली हे सटवाजीला कळायला पुढं आठ वर्षं लागली, आणि कळलं तेही कुठं, तर लातूरला एका नव्या बिल्डिंगच्या वाहनतळावर, वडापाव आणि चहाच्या कार्यक्रमात.

त्याआधी बावीस वर्षं सटवाजीनं जीप चालवली. किल्लारी, लामजना, औसा, लातूर आणि परत. भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं, सरळ रांगांनी सारखी घरं उभी राहिली आणि घरांपुढं चांगले रुंद रस्ते आले. त्या रुंद रस्त्यांचा पहिला फायदा जीपवाल्यांना झाला, गाडी थेट दारात आणता येऊ लागली. जीप जुनी, डिझेलवरची, काळीपिवळी. तिच्यात माणसं किती बसतात या प्रश्नाला सटवाजीचं उत्तर ठरलेलं होतं, 'अजून एक.' मागं लटकणारे वेगळे.

स्टँडवर नंबर लागायचा. जो पहाटे आधी येईल त्याचा पहिला नंबर, आणि पहिल्या नंबरला कोर्टकचेरीची, दवाखान्याची, कॉलेजची सगळी गर्दी. म्हणून किल्लारीचे सगळे जीपवाले संध्याकाळी गाडी मागं घेत घेत दारात लावायचे. पाठ घराकडं, तोंड रस्त्याकडं. सकाळी उगीच मागं-पुढं करण्यात वेळ जायला नको. थंडीत ते जुनं इंजिन लवकर उठायचं नाही, आणि एकदा उठलं की वीस मिनिटं त्याला तापू द्यावं लागायचं, नाहीतर लामजन्याच्या चढावर रुसून बसायचं. तेवढ्या वीस मिनिटांत सटवाजीची अंघोळ, देवाला फूल आणि चहाबरोबर शिळी भाकरी उरकायची. गाडी दारात एका जागी थरथरत राहायची आणि तिचं सायलेन्सर उंबऱ्यापासून हातभर अंतरावर असायचं.

पुनम दाराशीच झोपायची, कारण घरातला मोठा बल्ब तिथं होता. पहाटे उठून ती त्याच बल्बखाली अभ्यासाला बसायची. सटवाजी चावी फिरवायच्या आधी रोज हाक द्यायचा, "दार लाव गं पुने, गाडी चालू करायलो!" पुनम पुस्तकातून डोकं न काढता एका पायानं दार ढकलायची. दार लागायचं, पण सरकारी घरांची दारं ती, खालून दोन बोटांची फट कायमची.

पोरगी सहावी-सातवीपासून खोकायला लागली. हिवाळा आला की छाती वाजायची. लातूरच्या डॉक्टरांनी तपासलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, घरात कुणी बिडी ओढतं का, चूल आहे का, धूर कुठला? सटवाजीनं छाती पुढं काढून सांगितलं, "न्हाई डाक्टरसाब, बिडी तर सोडाच, तंबाखूसुदीक न्हाई. आन गॅस हाय घरात." डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप लिहून दिला. गाडीचं काही त्यांनी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही. सांगावं असं त्याच्या मनातही आलं नाही. गाडी घरात थोडीच होती, ती तर बाहेर होती.

दहावीच्या वर्षी पौषात एका पहाटे पुनमला श्वास घेता येईना. पंप रिकामा झाला होता. सटवाजीनं तिला उचलून त्याच जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं, बायको केवळाबाई मागं. तोंड रस्त्याकडंच होतं, गाडी तयारच होती, एक मिनिट वाया गेलं नाही. लामजन्याच्या पुढं पोरीनं बोलायचं सोडलं. औशात पोचेपर्यंत ती उरली नव्हती. सटवाजी कितीतरी दिवस लोकांना एवढंच सांगायचा, "गाडी तयार व्हती हो. गाडीनं दगा दिला न्हाई."

दोन वर्षांनी त्यानं जीप विकली. डोळ्यांना रस्ता नीट दिसेना, म्हणून. दुसरं कारण नव्हतं. नवरा-बायको लातूरला आले. शिकवण्यांच्या गावात पोरांच्या मेस चिकार, तिथं केवळाबाईला भाकरी थापायचं काम लागलं. सटवाजी आज इथं, उद्या तिथं राखणीला बसू लागला, आणि शेवटी औसा रोडच्या 'हिरवाई'त येऊन टिकला.

'हिरवाई' म्हणजे विरूपाक्षअप्पांनी बांधलेली पाच मजली बिल्डिंग. अप्पा मूळचे डाळीच्या व्यापारातले. आयुष्यभर तुरीच्या भुकटीत काढलेल्या माणसाला म्हातारपणी हिरव्या बिल्डिंगचं वेड लागलं. गच्चीवर सोलरच्या पाट्या, पावसाचं पाणी साठवायला मोठी टाकी, आणि वाहनतळाचा खास नियम. दरवाज्याला लागून चार जागा हिरव्या रंगानं रंगवलेल्या, वर पाटी, 'फक्त विजेवरील व कमी धुराच्या वाहनांसाठी'. भिंतीवर गाड्या चार्ज करायचं मशीन, शेजारी सायकलींना पत्र्याची सावली. बाकी सगळ्यांनी गाडी मागं, पिंपरणीच्या झाडाखाली लावायची आणि चालत यायचं. लातूरच्या माणसाला हे पचणं अवघड. मोठी गाडी घ्यायची ती दरवाज्यापर्यंत जायला, नाहीतर घ्यायचीच कशाला?

बिल्डिंग उघडायच्या आदल्या आठवड्यात सगळ्या राखणदारांना, लिफ्टवाल्यांना, झाडूवाल्या बायकांना खाली बोलावलं. माहिती द्यायला उज्वला नावाची इंजिनियर आली होती. मूळची देवणीची, पुण्याला शिकलेली, आणि शिकली तरी माणसांत बसून बोलणारी. हातात वडापाव देऊनच तिनं सुरुवात केली. म्हणाली, "काका, या चार जागा इथंच का, मागं का नाहीत, माहीत आहे? वर बघा. पहिल्या मजल्यावर लेकरांचा दवाखाना येणार आहे. ती खिडकी वाफ द्यायच्या खोलीची. उभी गाडी चालू ठेवली की धूर उडून जात नाही, सायलेन्सरपाशी साचतो आणि वर चढतो. खिडकी उघडी असली की सरळ आत. तुम्हाला-मला नुसता ठसका लागेल. दम्याच्या लेकराला तेवढंही पुरे होतं."

सटवाजीच्या हातातला वडापाव तोंडापर्यंत गेलेला तसाच राहिला. जरा वेळानं त्यानं विचारलं, "म्याडम, आन गाडीची पाठ दाराकडं आसली तर? म्हंजी तोंड रस्त्याकडं आन सायलेन्सर उंबऱ्याला?"

"किती वेळ चालू?"

"वीस मिनटं. रोज."

उज्वला हसली. "काका, मग दार लावून तरी काय उपयोग? सगळा धूर घरातच की. असं कोण करतं?"

सगळे हसले. सगळे हसले म्हणून सटवाजीही हसला. मग त्यानं वडापाव कागदात गुंडाळून खिशात ठेवला, चहा तसाच ठेवला आणि मागं पिंपरणीच्या झाडापाशी जाऊन उभा राहिला. तिथं त्यानं काय केलं ते कुणी पाहिलं नाही. परत आला तेव्हा उज्वला हजेरीच्या कागदावर सह्या घेत होती. त्यानं सही केली.

घरी केवळाबाईला त्यानं एक शब्द सांगितला नाही. कसा सांगणार? पोर गेल्याचं दुःख दोघांनी आठ वर्षं निम्मं निम्मं वाटून घेतलं होतं. आता हे सांगायचं म्हणजे तिचा वाटाही तिच्याकडून हिसकावून घ्यायचा, आणि वर तिला एक नवा राग द्यायचा. त्यापेक्षा एकट्यानं उचललेलं बरं, असं त्याला वाटलं.

पण त्या दिवसापासून तो माणूस बदलला. पगार सगळेच घेतात, राखण सगळेच करतात, पण त्या चार हिरव्या जागा सटवाजीनं जशा राखल्या तशी कुणी मळणीची रासही राखत नाही. एका पुढाऱ्याची झेंडा लावलेली मोठी गाडी पहिल्याच महिन्यात हिरव्या जागेत घुसली. हा पुढं आडवा उभा. आतला माणूस काच खाली करून गरजला, "मी कोन हाय ठावं हाय का तुला?"

"हाव की," सटवाजी म्हणाला, "डिझेल हाव तुमी. मागं लावा."

ही गोष्ट आठ दिवस बिल्डिंगभर फिरली. अप्पांनीसुद्धा हसून डोक्याला हात लावला. लोक म्हणायचे, म्हातारा नियमाला लई कडक. खरं कारण कुणाला ठाऊक? त्याला नियमाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला ती खिडकी दिसायची. खालून धूर वर जाऊ दिला नाही, तर आपल्या उरावरचा धोंडा तसूभर तरी हलेल, एवढीच त्याची आशा. आणि खोटं कशाला सांगा, थोडा हलतही होता.

दवाखान्यात गंगम्मा नावाची मावशी होती, निलंग्याकडची. बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. रस्त्याची धूळ नको म्हणून ती वाफेच्या खोलीची खिडकी घट्ट बंद ठेवायची. सटवाजी स्वतः जिना चढून वर गेला. "खिडकी उघडी ठिवा, बाई. लेकरांना वारं पाहिजे. खाली धूर न्हाई. मी हाय की."

"अय्यो!" गंगम्मा म्हणाली. "तू हायस तर खिडकी कशाला, भाऊ? भिंतच पाडून टाकते." पण तिनं खिडकी उघडली. दुसऱ्या दिवसापासून उघडीच राहू लागली.

त्या खिडकीत नेहमी दिसणारं एक लेकरू म्हणजे बुद्धप्रिया. सात वर्षांची, बारीक, डोळे मोठे. तिचे वडील सुगत, मूळचे धर्माबादचे, लातूरच्या कॉलेजात शिकवायचे. पोरीला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून वाफेला आणायचे. मोटारसायकल जुनी, मागून निळा धूर. सटवाजी पहिल्या दिवसापासून त्यांच्या मागं लागला. "सर, तुमी शिकलेले मानसं. लेकराला छातीच्या इलाजाला आनायलाव, आन आनायलाव धुरावर बसवून?"

सुगत सर चिडले. तुम्ही तुमचं काम करा म्हणाले. सटवाजीनं आपलं कामच केलं, म्हणजे दर खेपेला तेच वाक्य पुन्हा ऐकवलं. चार महिन्यांनी सर विजेच्या स्कूटरवर आले आणि हिरव्या जागेत थांबून म्हणाले, "घ्या काका, घेतली. तुमच्या पायी घरी रोज बोलणी खाऊन राहिलो." सटवाजीनं स्कूटरच्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, हँडलला फूल लावलं आणि मशीनची वायर स्वतःच्या हातानं जोडली. बुद्धप्रिया वर गेली. थोड्या वेळानं खिडकीत तिचा मास्क लावलेला चेहरा आला आणि तिनं खाली हात हलवला. सटवाजीनंही हलवला. मग तो खांबाआड गेला, कारण त्याला रडू आलं होतं आणि अंगावर वर्दी होती.

त्याच्या मागे लागण्यानं आणखी कितीतरी जण बदलले. वकिलांचा कारकून, रक्त तपासणारी बाई, एक शिकवणीवाले सर. हिरव्या नंबरप्लेटची गाडी फाटकात दिसली की तो सलाम ठोकायचा, मग आत कुणीही असो. अडीच वर्षं त्या भिंतीला काजळी लागली नाही.

मग दसरा आला.

खंडेनवमीला ड्रायव्हर माणसाच्या हातून गाडीची पूजा सुटत नाही. बावीस वर्षं सटवाजीनं जीप धुतली, झेंडूच्या माळा घातल्या, चाकांखाली लिंबं ठेवली. आणि बॉनेट उघडून आत इंजिनाला हळदकुंकू लावल्याशिवाय, त्याच्यावर तांब्यातलं पाणी शिंपडल्याशिवाय पूजा पुरी झाली असं कुठला ड्रायव्हर मानतो? बाहेरून पत्र्याला पुजायचं आणि आतल्या जिवाला तसंच सोडायचं, हे काही त्यांच्यात बसत नाही. आता जीप नव्हती. पण ज्याच्यावर आपलं सगळं चालतं त्याची पूजा करायची, एवढं तर होतंच. सटवाजीचं सगळं आता त्या भिंतीवरच्या मशीनवर चाललं होतं.

सकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तो लवकर आला. हिरव्या जागा पाण्यानं स्वच्छ केल्या. मशीनला झेंडूची माळ घातली. आतलं बटण पडलं तर वर करायला मशीनच्या झाकणाची किल्ली त्याच्याकडंच असायची. आधी त्यानं मेन स्विच बंद केला, तेवढी अक्कल त्याला होती. मग बॉनेट उघडावं तसं झाकण उघडलं. आतल्या तारांना, पट्ट्यांना हळदकुंकू वाहिलं. आंब्याच्या पानानं तीनदा पाणी शिंपडलं. खाली नारळ फोडला आणि त्यातलं पाणी ओंजळीनं आत वाहिलं. हात जोडून पुटपुटला, "बाई, नीट चाल. लेकरांना संभाळ." झाकण लावलं. स्विच वर केला.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. झाकणाच्या फटीतून आधी ठिणग्या आल्या आणि मग काळा, जाडसर, रबर जळल्याचा धूर. भिंतीला धरून तो सरळ वर गेला. गंगम्मानं वरून आरडाओरडा करत खिडकी लावली. सटवाजीनं स्विच पाडला, वाळूची बादली ओतली. कुणाला काही झालं नाही. पण अडीच वर्षांत त्या खिडकीपर्यंत गेलेला पहिला धूर त्यानंच सोडला होता.

अप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. ते आले, काळ्या पडलेल्या भिंतीकडं, झेंडूच्या करपलेल्या माळेकडं बघितलं आणि सटवाजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझा भाव चांगला होता बाबा. तू कशाला रडतो?" तिसऱ्या मजल्यावरची फायनान्स कंपनी दोन वर्षं त्या दरवाज्यासमोरच्या जागा मागत होती. अप्पा आजवर नाही म्हणत आले होते, कारण नाही म्हणायला कारण होतं. आता मशीनच नव्हतं. "दुरुस्त होईस्तोवर त्यांना वापरू दे," ते म्हणाले. "नुसत्या रिकाम्या ठेवून काय करायच्या?" 'हिरवी इमारत' म्हणून बिल्डिंगला मिळालेली पितळी पाटी लिफ्टजवळ केव्हाच लागली होती. ती काही कुणी परत मागायला येणार नव्हतं.

सटवाजीनं उज्वलाला फोन लावला. ती आता हैदराबादला होती.

"काका, आत पाणी कसं गेलं?"

"पूजा केल्ती, म्याडम."

ती हळूच म्हणाली, "कंपनी फुकट दुरुस्त करून देणार नाही, काका. मी अप्पांशी बोलून बघते."

"म्याडम, मी तुमाला एकदा ईचारलं व्हतं. सायलेन्सर उंबऱ्याला आसलं तर म्हनून. आठवायलंय का?"

तिला आठवत नव्हतं. आठवायचं कारणही नव्हतं. तिनं बरंच समजुतीचं सांगितलं आणि फोन ठेवला. अप्पांशी ती बोललीही असेल. मशीन काही आलं नाही.

फोन केला त्याच संध्याकाळी केवळाबाई मेसवरून आली, हातपाय धुऊन तांदूळ निवडायला बसली, आणि सटवाजीनं तिला सगळं सांगून टाकलं. मशीनचं नाही, ते तिला कळलंच होतं. जीपचं सांगितलं. उंबरा, सायलेन्सर, वीस मिनिटं, दाराखालची फट. बोलताना तो तिच्याकडं बघत नव्हता. ती आता ओरडेल, ताट फेकेल, असं त्याला वाटलं. ती तांदूळ निवडत राहिली.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"दाराच्या फटीला गोधडी मी कशापायी कोंबत व्हते? थंडीपायी? धूर यायचा की आत. पोरीच्या वह्यांना वास मारायचा."

"मंग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? गाडी बंद करा म्हनू? घर गाडीवर चालत व्हतं." केवळाबाईनं एक खडा काढून बाजूला टाकला. "आन तुमी तर रोज म्हनायचे, दार लाव पुने, गाडी चालू करायलो. मला वाटायचं, तुमाला बी ठावं हाय. म्हनून तर दार लावायला सांगायलेत."

सटवाजी ते आवाजासाठी म्हणायचा. इंजिनाच्या धडधडीत पोरीचं अभ्यासात लक्ष लागणार नाही म्हणून. हिला वाटलं त्याला माहीत आहे, त्याला वाटलं कुणालाच माहीत नाही, आणि पोरगी दोघांच्या मध्ये, बल्बखाली बसून तो धूर ओढत राहिली. मग केवळाबाईनं त्याच तांदळाचा भात टाकला आणि दोघांनी तो चवीशिवाय खाल्ला.

दिवाळीनंतर फायनान्स कंपनीच्या गाड्या हिरव्या जागांवर लागू लागल्या. 'फक्त विजेवरील' ही पाटी काढली नव्हती, नुसती भिंतीकडं फिरवून ठेवली होती. सुगत सर स्कूटर मागं झाडाखाली लावून पोरीला कडेवर घेऊन यायचे. सटवाजीला काही बोलायचे नाहीत. उलट एकदा म्हणाले, "काका, मनाला लावून घेऊ नका. गाडी मी घरीच चार्ज करून राहिलो." ते ऐकून त्याला अजूनच मेल्यासारखं झालं.

कंपनीच्या साहेबांच्या पांढऱ्या गाडीवर बालाजी नावाचा ड्रायव्हर होता. चाळिशीचा, सालस, चाकूरकडचा. साहेबांना लगबगीनं निघावं लागतं म्हणून तो गाडी मागं घेत घेत लावायचा. पाठ भिंतीला, तोंड रस्त्याकडं. आणि साहेब खाली यायच्या आधी गाडी गार पाहिजे, म्हणून पंधरा-वीस मिनिटं आधीच चालू करून ठेवायचा. सायलेन्सर बरोबर त्या खिडकीखाली.

पहिल्याच दिवशी सटवाजी त्याच्यापाशी गेला. शिट्टी खिशातच ठेवली होती. "बाबा, गाडी बंद कर. वर लेकरं हायती."

बालाजी काच खाली करून अदबीनं म्हणाला, "काका, साहेब निघायलेत. आत गरम आसलं की लई बोलतेत मला. तुमी बी ड्रायव्हर व्हतेत म्हनं. तुमाला ठावं हाय की आपलं."

ठाऊक होतं. आपलं सगळं त्याला ठाऊक होतं. पहिला नंबर, तापलेलं इंजिन, वाया न जाणारं एक मिनिट. या माणसाला शिव्या द्यायच्या तर त्या कुणाला लागतील, हेही ठाऊक होतं. तो अप्पांकडं गेला. अप्पा म्हणाले, सांगतो त्यांना. सांगितलं असेलही. गाडी दुसऱ्या दिवशी तशीच चालू राहिली, तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी अकरा वाजता बुद्धप्रिया वर वाफ घेत बसली होती. खिडकी उघडी होती, सटवाजीनं अडीच वर्षांपूर्वी उघडायला लावली होती तशीच. तिचा मास्क लावलेला चेहरा खिडकीत आला, हात हलला. खाली बालाजीनं गाडीत बसून दार लावून घेतलं आणि चावीला हात घातला.

सटवाजी जिन्याकडं धावला. साठीचा माणूस, दोन दोन पायऱ्या चढत वर गेला. वाफेच्या खोलीच्या दारात पोचला तेव्हा त्याचा स्वतःचा श्वास लागला होता. गंगम्मा दुसऱ्या लेकराला औषध भरत होती. सुगत सर खुर्चीवर होते. सटवाजीच्या तोंडून हाक गेली, मोठ्यानं, जशी किल्लारीच्या दारातून पहाटे जायची तशी.

"खिडकी लाव गं पुने, गाडी चालू करायलेत!"

खोलीतली सगळी त्याच्याकडं बघायला लागली. बुद्धप्रियानं मास्क थोडा बाजूला केला आणि म्हणाली, "आजोबा, माझं नाव पुने नाही."

"हाव बाई," तो म्हणाला. "चुकलो."

तो खिडकीपाशी गेला. दोन्ही झडपा ओढून घेतल्या. काचेच्या खाली बारीक फट राहत होती. त्यानं खांद्यावरचा पंचा काढला, घडी केली आणि बोटांनी त्या फटीत नीट कोंबला, जसा केवळाबाई गोधडी कोंबायची. खालून गाडी चालू झाल्याचा आवाज आला. तो तिथंच काचेला हात लावून उभा राहिला, आणि आवाज थांबेपर्यंत हलला नाही.

आता रोज अकरा वाजता सटवाजी वर जातो आणि खिडकी लावतो. गंगम्मा आधी चेष्टा करायची. आता ती पंचा धुऊन, वाळवून खिडकीशी ठेवते.